मागची चाकं उड्या मारतात: प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

गाडीचं वर्णन एकदाच लिहून ठेवतो. पुढे पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, ताकद फक्त मागच्या चाकांना, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरांचा खोका, पुढे नुसतं 'डिफ') आणि चाकांना धरणारे मागचे सगळे आर्म एका लोखंडी चौकटीवर बसवलेले आहेत. ही चौकट, म्हणजे क्रेडल, चार जाड बोल्टांनी बॉडीला लटकवलेली असते आणि प्रत्येक बोल्टाभोवती रबराचा एक मोठा बुश, म्हणजे जाड गोल गादी.

रस्त्यावर गाडी सुरेख चालते. दुखणं आहे ते जागेवरून उचलताना. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) साडेतीन हजार आरपीएमला क्लच सोडला की पहिला जोर येतो आणि लगेच मागून थडथड सुरू होते. सीटच्या पाठीत कोणी गुद्दे घालतंय असं वाटतं, आरशात काही दिसत नाही, डिकीचं झाकण खडखडतं. पाय काढला की बंद. काल चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा पाय काढावा लागला. पहिल्या ६० फुटांची त्यातल्या त्यात चांगली वेळ २.४५ सेकंद.

चाक नुसतं घसरलं तर टायर झिजतो. उड्या मारायला लागलं तर टायर जमिनीला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि धरताना बसणारा प्रत्येक झटका हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे), डिफचे दात आणि गिअरबॉक्स यांना सोसावा लागतो. म्हणून हे काम आधी, इंजिनची ताकद वाढवायचा विचार नंतर.

रात्री हिशेब मांडला. इंजिनचा टॉर्क ५४० न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.६६, डिफचं गुणोत्तर ३.७३. गुणाकार साधारण ७,३७० न्यूटन मीटर. वाटेत दहा टक्के गेले असं धरलं तर चाकांवर ६,६०० च्या आसपास उरतात. टायरची त्रिज्या ०.३४ मीटर, म्हणजे जमिनीवर १९,४०० न्यूटनचा रेटा. आता दुसरी बाजू. माझ्यासकट गाडीचं वजन १,७७० किलो, त्यातलं ४७ टक्के मागे, म्हणजे ८३० किलो. उचलताना आणखी दोनेकशे किलो मागे सरकतात. मागच्या दोन टायरांवर हजार-बाराशे किलोच्या आतच वजन, तेव्हा पकडही १०,००० न्यूटनच्या जरा वर. थोडक्यात, रेटा पकडीच्या जवळजवळ दुप्पट आहे.

तेव्हा पहिल्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला तर चाक घसरणारच, त्याला इलाज नाही आणि मला तो हवाही नाही. घसरलं तरी त्यानं जमिनीला टेकून घसरावं, एवढंच हवंय.

८ जानेवारी

गाडी लिफ्टवर घेतली. शॉकॲबसॉर्बर कोरडे, तेल कुठेही झिरपलेलं नाही. स्प्रिंगा शाबूत. बॉल जॉइंटना प्ले (ढिलेपणा) नाही. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक पाहिले (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), टायर दोन वर्षांचे आहेत, रबर अजून मऊ आहे.

मग लहान पहार घेऊन क्रेडलच्या पुढच्या बुशात घातली आणि हलकाच जोर दिला. चौकट डोळ्यांदेखत वर गेली आणि सोडल्यावर परत आली. रबर फाटलेलं नाही, खराबही नाही, मुळातच मऊ आहे. कारखान्याने ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, डिफचा आवाज आणि रस्त्याचे हादरे केबिनमध्ये पोचू नयेत म्हणून. बुशाच्या आत रबरात केलेल्या पोकळ्याही दिसल्या.

गॅरेजवाले काका शेजारी उभे होते. मी म्हटलं, "काका, शॉक बदलू का आधी?" ते म्हणाले, "आधी बघ काय हलतंय. न बघता पार्ट बदलशील तर नेमकं कशानं बरं झालं ते तुला कधीच कळणार नाही."

काकांचं शिक्षण जुन्या पाटेवाल्या गाड्यांवर झालेलं. तिथे अख्खा एक्सल पाट्यांवर बसलेला असतो आणि जोर आला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळला जातो, मग सुटतो, मग पुन्हा पिळला जातो. त्या काळी पाट्यावर हे पिळणं रोखणारे दांडे, ट्रॅक्शन बार, बांधायचे. १९८० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगला तर मागच्या एक्सलचं हे पिळणं आवरायला आडवे जादा शॉक कारखान्यातूनच येत होते. माझ्या गाडीत पाटे नाहीत. पिळलं जाणारं रबर मात्र आहे आणि ते एका जागी नाही, पाच-सहा जागी आहे.

११ जानेवारी

आज फक्त बघायचं काम. क्रेडल आणि बॉडी दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली. टायरवर रिमपासून ट्रेडपर्यंत दुसरी रेघ. शॉकच्या दांड्यावर झिप टाय बांधला, म्हणजे सस्पेन्शन किती दबलं ते नंतर मोजता येईल. एक ॲक्शन कॅमेरा खाली बॉडीला घट्ट बांधून क्रेडलच्या पुढच्या बुशाकडे रोखला. मित्र बाजूला सुरक्षित अंतरावर फोन घेऊन बसला, सेकंदाला २४० फ्रेम.

तीन वेळा उचलली. घरी येऊन एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहिली. टायर जमिनीला टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत २० फ्रेम. २४० ला २० ने भागलं की १२, म्हणजे सेकंदाला १२ उड्या. चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, आर्म हा जो स्प्रिंगांच्या खालचा भार असतो तो टायरच्या रबरावर साधारण याच गतीनं नाचतो, तेव्हा आकडा पटला.

खालच्या कॅमेऱ्यातलं दृश्य मी किमान तीस वेळा पाहिलं असेल. क्लच सुटतो. पहिल्या काही फ्रेममध्ये टायर अजून घसरलेलाही नाही, आणि क्रेडलचं पुढचं टोक वर सरकतं. रेघ तुटून दोन होते, मधलं अंतर आठेक मिलिमीटर. त्याच्या पाठोपाठ डिफचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर येतं. मग टायरवरची रेघ धनुष्यासारखी वाकते, टायर सुटतो, आणि क्रेडल एकदम खाली आपटतं. रेघ क्षणभर जुळते, नव्हे, उलट्या बाजूला जाते. मग पुन्हा पहिल्यापासून.

झिप टाय पाहिला तर शॉक जेमतेम ३५ मिलिमीटर दबला होता. म्हणजे मोठी हालचाल शॉकच्या वाटेनं होतच नाहीये. जिथे तिला आवरणारं काही नाही, त्या रबरात ती होतेय.

१२ जानेवारी

कागदावर हे सगळं नीट मांडून पाहिलं, कारण पुढची कामं कोणत्या क्रमानं करायची ते यावर ठरणार.

टायरची पकड घसरणीबरोबर वाढत जाते, साधारण दहा-पंधरा टक्के घसरणीला सर्वांत जास्त होते आणि त्यापुढे कमी होत जाते. गोची इथेच आहे. जोर वाढत असताना क्रेडल, डिफचे बुश, हाफ शाफ्ट आणि टायरची भिंत हे सगळे स्प्रिंगेसारखे पिळले जातात. टायर सुटला की पकड घटते, पिळलेलं सगळं एकदम उलगडतं आणि चाकाला हिसका बसतो. उलगडून झालं की टायर पुन्हा जमिनीला धरतो आणि पिळणं नव्यानं सुरू. इंजिन मागून जोर देतच असल्यामुळे हा झोका आपोआप मरत नाही, प्रत्येक फेरीत त्याला नवा धक्का मिळतो.

इलाज दोन तऱ्हेचे. जिथे पिळलं जातं ती जागा कडक करायची, किंवा झोका शोषून घेणारं काही द्यायचं. तिसरीही एक तऱ्हा आहे आणि ती मला फार आवडते. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्ही गाडीत डाव्या-उजव्या हाफ शाफ्टची जाडी मुद्दाम वेगळी ठेवली होती, एक ३५ मिलिमीटरचा भरीव, दुसरा ५५ मिलिमीटरचा पोकळ. दोन शाफ्ट वेगवेगळ्या ताठरपणाचे असले की दोन्ही चाकं एका तालात पिळली जात नाहीत आणि एकमेकांचा झोका वाढवत नाहीत. माझ्या गाडीसाठी हा खटाटोप मी आत्ता करणार नाही, पण शाफ्टही स्प्रिंगच असतो हे यावरून डोक्यात पक्कं बसलं.

क्रम ठरला: क्रेडल, मग डिफ, मग उभी लिंक, शेवटी शॉक आणि टायर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर कॅमेरा.

१८ जानेवारी

क्रेडल उतरवलं. काका आणि मी, सकाळी नऊपासून. एकट्यानं हे काम करू नये. डिफ आणि आर्मसकट हे ओझं दोघांनी मिळूनही हातावर पेलणारं नाही, खाली ट्रान्समिशन जॅक हवाच.

एक्झॉस्टचा मागचा भाग काढला. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) फ्लँजवर खुणा करून मगच बोल्ट सोडले, नाहीतर बॅलन्स जातो. हँडब्रेकची केबल, एबीएसच्या वायरी, ब्रेकच्या पाइपांचे ब्रॅकेट. शेवटी ते चार बोल्ट.

बुश पूर्ण काढून जागी ॲल्युमिनियमचे घट्ट बुश ठोकायचे, की आहे त्या रबराच्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचे (बुशाच्या मऊ रबरापेक्षा कडक प्लास्टिक) तुकडे बसवायचे, यावर आमची चर्चा झाली. ॲल्युमिनियमनं क्रेडल अजिबात हलणार नाही, पण ही गाडी मी रोज चालवतो आणि प्रत्येक खड्डा थेट बॉडीत येईल. पॉलियुरेथेन घेतलं. सोबत चार कॉलर घेतले, जे बोल्ट आणि छिद्र यांच्यातली मोकळी जागा भरून क्रेडलला मध्यभागी धरून ठेवतात. कारखान्याच्या छिद्रात बोल्ट इतका सैल असतो की क्रेडल कधी जरा डावीकडे, कधी जरा उजवीकडे बसतं, आणि मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेशी तिरपी होतात. आमचं क्रेडल ४ मिलिमीटर उजवीकडे सरकलेलं निघालं. बोल्टच्या वॉशरनं रंगावर उमटवलेलं कडं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक होतं, बोट फिरवलं तरी कळत होतं.

१९ जानेवारी

सगळं परत चढवलं. चारही बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला कसले. नव्या रेघा मारल्या.

२१ जानेवारी

चूक झाली, ती लिहून ठेवतो. गाडी मागून उंच दिसायला लागली. मोजलं तर मडगार्डची कड आधीपेक्षा ११ मिलिमीटर वर. पॉलियुरेथेनमुळे एवढा फरक पडणार नाही, तेव्हा कारण दुसरं.

कारण असं की क्रेडल खाली असताना सोयीचं म्हणून आर्मचे काही पिव्हट बोल्टही सोडले होते, आणि ते मी चाकं लोंबकळत असतानाच कसले. या आर्मच्या बुशात रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट कसला की नळी जागीच धरली जाते आणि आर्म हलताना रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना कसलं तर गाडी जमिनीवर उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, जादा स्प्रिंगेसारखं काम करतं आणि लवकर फाटतं. गाडी रॅम्पवर, चाकांवर पूर्ण वजन देऊन उभी केली, सगळे पिव्हट बोल्ट अर्धा फेरा सैल केले, मागची बाजू दोन-तीनदा दाबून सोडली आणि पुन्हा कसले. उंची जागेवर आली.

काका फक्त म्हणाले, "जमिनीवर उभी करून कसायचं असतं रे." माहीत होतं मला. घाईत विसरलो.

२५ जानेवारी

चाचणी. तीन हजार आरपीएमला उड्या नाहीत! साडेतीन हजारला अजून आहेत, पण उशिरा सुरू होतात आणि लहान आहेत. फ्रेम मोजल्या, एका उडीला १७, म्हणजे सेकंदाला १४. गती वाढली म्हणजे यंत्रणा एकूण ताठ झाली. क्रेडलची रेघ आता फार तर दीड मिलिमीटर तुटते.

डिफचं नाक मात्र तसंच वर येतंय, आणि आता क्रेडल स्थिर असल्यामुळे ते अधिक स्पष्ट दिसतं.

१ फेब्रुवारी

डिफचे तीन बुश, मागे दोन आणि पुढे नाकाजवळ एक. चाकांना पुढे फिरवायचं तर डिफच्या खोक्याला उलटा पीळ सोसावा लागतो, म्हणून नाक वर जातं. तिन्ही बुश पॉलियुरेथेनचे घातले. जुने बुश दाबून काढायला प्रेस लागला. एक निघेना, तेव्हा रबर करवतीनं कापून बाहेरची कडी आत दुमडून काढावी लागली. दोन तास एका बुशात गेले.

४ फेब्रुवारी

उड्यांवर मोठा फरक पडला, पण डिफ गाऊ लागलंय. ताशी ८० ते ९५ किलोमीटरच्या दरम्यान, पाय हलका ठेवला की "ऊंऽऽ" असा एकसुरी आवाज केबिनमध्ये येतो. डिफच्या दातांचा हा आवाज आधीही होताच, रबर तो गिळत होतं.

तीन दिवस ऐकून पाहिला. लांबच्या प्रवासात डोकं उठेल. मागच्या दोन बुशांना नाकाच्या बुशापेक्षा कमी हिसका बसतो, कारण ते पिळाच्या केंद्राजवळ आहेत. तेव्हा मागे कारखान्याचेच नवे रबरी बुश आणि नाकाला पॉलियुरेथेन, असं करून बघायचं ठरवलं.

८ फेब्रुवारी

तसं केलं. आवाज निम्म्याहून कमी, रेडिओ न लावताही सहन होतो. कॅमेऱ्यात नाकाची हालचाल तिन्ही कडक बुशांच्या वेळेपेक्षा किंचित जास्त, पण उड्या वाढल्या नाहीत. ही तडजोड मला मान्य आहे.

१५ फेब्रुवारी

उभी लिंक. बोटभर लांबीचा हा तुकडा खालचा आर्म आणि चाकाचा हब यांना जोडतो, आणि त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. त्याचं काम असं: चाकाचा पुढे ढकलणारा रेटा चाकाच्या मध्याच्या उंचीवर हबला मिळतो, पण तो मुख्यतः सोसणारा आर्म त्याच्या खाली असतो. या उंचीच्या फरकामुळे हब पुढे कलंडू बघतो. त्याला कलंडू न देणारी ही लिंक. तिचे बुश मऊ असतील तर हब प्रत्येक झटक्याला डुलतो.

गोलाकार बेअरिंगवाली लिंक बसवली. तिच्यात रबर नाही, त्यामुळे पिळण्याचा प्रश्न नाही, आणि इथून केबिनमध्ये आवाजही फारसा येत नाही. अर्ध्या दिवसात दोन्ही बाजू झाल्या. धूळ-पाण्याची भीती आहे, म्हणून रबरी टोप्यावाल्याच घेतल्या.

२२ फेब्रुवारी

आज शॉक आणि हवा, दिवसभर स्ट्रिपवर. आधी शॉकच्या रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत उलगडतो ते ठरवणारा, स्क्रू. दोन क्लिक घट्ट केला तर टायर जमिनीला अधिक टेकून राहिला. चार क्लिकला गाडीची मागची बाजू खाली बसून लवकर वर येईना, फायदा नाही. दोनवर परत आणला.

मग हवा. रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवतो. २८ ला ६० फुटांची वेळ २.१९. २५ ला २.१२. मला वाटलं आणखी उतरवत जावं. २२ ला टायरची भिंत इतकी पिळली की उड्या परत आल्या, कमी जोरात पण स्पष्ट. फ्रेम मोजल्या, २१. गती पुन्हा खाली. क्रेडल आणि डिफमधून काढलेला मऊपणा मी टायरमधून परत आत घेतला होता. पंप काढला, २५ वर आणलं आणि त्या जागी उड्या पुन्हा नाहीत. या दोन फेऱ्यांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले तेव्हा १२ जानेवारीचा कागद नव्यानं समजला.

रस्त्यावर मात्र ३२ च. कमी हवेवर वेगानं लांब जायचं नाही, टायर तापतो.

१ मार्च

अलाइनमेंट. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, दोन्हीकडे उणे १.५ अंश (वरची बाजू आत) होता. गाडी उचलताना मागे बसते तेव्हा तो आणखी वाढतो आणि टायर आतल्या कडेवरच उभा राहतो, ट्रेडवरचा काळपटपणाही आतल्या बाजूला जास्त होता. उणे १.० वर आणला. टो, म्हणजे वरून पाहता चाकाच्या पुढच्या कडेचा कल, दोन्हीकडे किंचित आत. क्रेडल मध्यभागी बसल्यामुळे मशिनवर डावा-उजवा आकडा पहिल्यांदाच सारखा आला.

उचलण्याची पद्धतही थोडी बदलली. साडेतीन हजारला क्लच झटकन सोडण्याऐवजी २,८०० ला, आणि सोडताना शेवटचा अर्धा इंच हळू. पहिला झटका लहान झाला की झोक्याला सुरुवातच मिळत नाही. पाच फेऱ्या: २.१०, २.१३, २.०८, २.११, २.०९. एकदाही पाय काढावा लागला नाही. टायर घसरतो, धूर दिसतो, पण गाडी सरळ जाते आणि मागून फक्त टायरचा आवाज येतो.

मुद्दाम एक फेरी जुन्या पद्धतीनं केली, साडेतीन हजार, क्लच झटकन. दोन थडका बसल्या आणि तिसरी आलीच नाही.

९ मार्च

पाचशे किलोमीटर झाले. बोल्ट पुन्हा तपासले. क्रेडलचे चारही आपल्या टॉर्कला पक्के. डिफच्या नाकाचा एक जवळजवळ पाव फेरा फिरला. नवं पॉलियुरेथेन दबून बसतं, त्यामुळे हे अपेक्षित होतं. लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत कसला. उभ्या लिंकांना प्ले नाही. डाव्या हाफ शाफ्टच्या आतल्या बूटवर (सांध्यातलं ग्रीस आत ठेवणारं रबरी आवरण) ग्रीसची बारीक रेघ दिसली, क्लिप ढिली होती. जानेवारीतल्या थडथडीनंच झालं असणार. नवी क्लिप लावली, पुढच्या तपासणीत बूट आधी बघायचा.

क्रेडलवरची पांढरी रेघ कापडानं पुसून जवळून पाहिली. बॉडीवरचा अर्धा भाग आणि चौकटीवरचा अर्धा भाग अजून एकाच ओळीत आहेत.